जुन्या गाडीचा नवा कंठ

घरांतील जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करावयास घेतला, कीं एक प्रश्न हटकून पुढें येतो. दुरुस्ती कोठें संपते आणि मोडतोड कोठें सुरू होते? वाड्याची चौकट बदलतांना किंवा आजीच्या पाटल्या मोडून नव्या घडवितांना हा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांना प्रस्तुत विषय परका वाटणार नाहीं. तो विषय आहे जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या दारांतील स्पीकर बदलण्याचा.

उदाहरणादाखल जपानांतील माझ्दा कंपनीची एमएक्स-5 ही गाडी घेऊं. दोन आसनांची व उघडतां येणाऱ्या टपाची ही गाडी 1989 च्या फेब्रुवारींत शिकागो येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, व तिचा पहिला अवतार 1997 पर्यंत निघत होता. घोडा आणि स्वार एकरूप व्हावे, ही तिच्या रचनेमागील कल्पना. म्हणून तिचें वजन सुमारें साडेनऊशें किलोंच्या आसपास राखलें होतें. 2016 च्या एप्रिलांत या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या गाड्यांचें वय आतां तीन तपांच्या घरांत गेलें आहे. यंत्र ठणठणीत, रंगही बरा, परंतु गाणें लावावें तर घसा बसलेला, अशी त्यांतील पुष्कळ गाड्यांची स्थिति असते.

असें कां व्हावें? अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं 1925 मध्यें स्पीकरची जी रचना प्रसिद्ध केली, तीच बहुतांशीं अद्याप चालू आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेची हलकी गुंडाळी, तिला चिकटविलेला शंकू आणि शंकूला सांभाळणारी लवचिक कडा. पुष्कळ जुन्या स्पीकरांत ही कडा फोमची असते. दमट हवा व ऊन यांनीं फोम कुजतो आणि बोट लावतांच त्याचा भुगा होतो. मग शंकू वेडावांकडा हालूं लागतो व आवाज घोगरा होतो.

येथवर येऊन मालक बाजारांत जातो आणि डब्यावर वॉटचा मोठ्यांत मोठा आंकडा असेल तो स्पीकर घेऊन येतो. हा आंकडा स्पीकर किती भार सोसेल एवढेंच सांगतो; तो किती गाईल हें सांगत नाहीं. त्यासाठीं डेसिबेलमध्यें दिलेली संवेदनशीलता पाहावी. 91 डेसिबेलचा स्पीकर एका वॉटवर जेवढा आवाज देतो, तेवढा देण्यास 88 च्या स्पीकरला दोन वॉट लागतात. गाडींतील मूळ रेडिओची शक्ति बेताचीच असल्यानें हा फरक मोलाचा ठरतो. तसेंच रेडिओ चार ओहमच्या स्पीकरसाठीं असेल तर दोन ओहमचा जोडूं नये. विद्युत्प्रवाह वाढून रेडिओ तापतो.

पण उत्तम स्पीकरही एकटा कांहीं करूं शकत नाहीं. शंकू पुढें सरला, कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या तर खर्जाचे सूर एकमेकांस खाऊन टाकतात. त्यांना वेगळें ठेवण्याचें काम गाडीचें दार करतें. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसें स्पीकरला दार. फरक इतकाच, कीं भोपळ्यानें नादावें आणि दारानें मात्र मौन पाळावें. पत्रा थरथरूं नये म्हणून त्यावर ब्यूटाइल रबराचे तुकडे चिकटवितात. ते थोडकेच असावेत. हलकेपणासाठीं नांवाजलेल्या गाडीवर ओझें लादण्यांत अर्थ नाहीं.

दार मात्र केवळ स्पीकरसाठीं नसतें. पावसाचें पाणी काचेच्या कडेनें दाराच्या पोटांत उतरतें व तळच्या छिद्रांतून बाहेर पडतें, अशी तेथें योजनाच आहे. आंतील आवरणामागें चिकटविलेला प्लॅस्टिकचा पडदा या पाण्याला बैठकीकडे येऊं देत नाहीं. घाईनें तो पडदा फाडला, किंवा तळचीं छिद्रें बुजलीं, तर पाणी सांचतें, आवरण फुगतें आणि पत्र्याला आंतून गंज चढतो. बाहेर दिसूं लागेपर्यंत गंजाचें काम पुष्कळ पुढें गेलेलें असतें. ऐकण्याच्या सुखासाठीं केलेली दुरुस्ती अशा वेळीं दाराच्याच मुळावर येते.

म्हणून काम सावकाश करावें. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. या गाडींत बॅटरी मागील डिकींत असते. काच हातानें फिरविण्याची असेल तर हँडलमागील स्प्रिंगची कडी कापडाच्या पट्टीनें अलगद निघते. काच पूर्ण खालीं उतरवूनच स्पीकरच्या खोलीचें माप घ्यावें, अन्यथा लोहचुंबक काचेला घासतो. साडेसहा इंची स्पीकर या दारास चालतो. छिद्रें जुळत नसतील तर मध्यें प्लॅस्टिकची कडी बसवावी. दाबीव लाकूड वापरूं नये, तें पाण्यानें फुगतें. मूळ तारा न कापतां जोडणीचा तयार तुकडा घ्यावा. दोन्ही दारांत धन व ऋण टोकें सारखींच जोडावीं. एका बाजूस उलट झालीं तर स्पीकर नवे असूनही खर्ज हरवतो. शंका असल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचें धन टोक स्पीकरच्या धन टोकास लागलें असतां शंकू बाहेर सरतो.

या साऱ्यांत एक नियम सर्वांत मोठा. पत्रा कापूं नये. स्पीकर पुन्हां बदलतां येतो, तार पुन्हां जोडतां येते. पण कानस किंवा ड्रिल लावून मोठें केलेलें भोंक पूर्ववत् होत नाहीं. अशा गाड्या दर पिढींत थोड्या होत जातात, आणि आजचा मालक हा त्यांचा शेवटचा मालक असेलच असें नाहीं. जुने स्पीकर फुटके असले तरी त्यांच्या स्क्रूंसह कागदांत गुंडाळावे, वर कोणत्या बाजूचे तें लिहावें आणि माळ्यावर ठेवून द्यावे. पुढें कोणाला गाडी मूळ रूपांत आणावीशी वाटली, तर त्याचें निम्में काम आपण आजच करून ठेवलेलें असेल.