दात काढायचा की वाचवायचा?

दाढ ठणकू लागली की आपल्या घरांत उपायांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी लवंगेचे तेल, मग मिठाच्या गुळण्या, शेवटी मेडिकलमधून आणलेली गोळी. काही जण ती गोळी दुखऱ्या दाढेजवळ दाबून धरतात, त्याने हिरडी मात्र भाजून निघते. ठणका थांबला की दाढ विसरली जाते. काही महिन्यांनी गाल सुजतो, रात्र जागून निघते आणि दवाखान्यात गेल्या गेल्या आपण म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका एकदाची!" बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच घडते. मुलांची शाळा, स्वयंपाक, पाहुणे, रमजानची तयारी यांतून अम्मीच्या दाढेला वेळ मिळतो तो सर्वांत शेवटी.

खरे तर दुखणारा प्रत्येक दात काढावा लागत नाही. कीड वरच्या थरातच असेल तर खड्डा साफ करून भरता येतो. ती आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनाल करतात. म्हणजे खराब झालेली नस काढून मुळांची पोकळी स्वच्छ करतात, ती भरतात आणि बहुतेक वेळा वर कॅप बसवतात. असा दात नीट निगा राखली तर अनेक वर्षे टिकतो. म्हणून खुर्चीवर बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा: "हा दात वाचू शकेल का?"

केव्हा काढावाच लागतो?

कीड इतकी खोल गेली की कॅप बसवायलाही दात उरला नाही, किंवा दात मुळापर्यंत उभा चिरला, तर इलाज राहत नाही. हिरड्यांच्या जुन्या आजाराने दाताभोवतीचे हाड झिजले आणि दात हलू लागला, तरी डॉक्टर काढण्याचा सल्ला देतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हा आजार वेगाने वाढतो. तंबाखू, गुटखा आणि मशेरीनेही हिरड्यांचे नुकसान होते. मशेरीने दात साफ होतात, ही समजूत आता सोडायला हवी.

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 वर्षांच्या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी अडकते, वरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजते किंवा शेजारची दाढ किडते. अशी दाढ काढणेच बरे. त्रास न देणारी अक्कलदाढ मात्र सरसकट काढायची नसते. वेडेवाकडे दात तारेने सरळ करताना जागा व्हावी म्हणून कधी कधी चांगले दातही काढतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन देण्याआधी खराब दात काढून घेतात, कारण रेडिएशननंतर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही.

मुलांची दाढ: दुधाची की कायमची?

दुधाचे दात 20 असतात. पण सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे एक नवी दाढ येते, ती कायमची. ती कोणताही दात पडल्यावाचून येते, म्हणून अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती गेली तर पुन्हा येत नाही. दुधाची दाढही फार लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नव्या दाताची वाट अडते. अशा वेळी जागा राखणारी पट्टी बसवता येते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

गैरसमज आणि काळजी

वरची दाढ काढली की नजर कमी होते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. यात तथ्य नाही. या भीतीपोटी पू झालेली दाढ तोंडात ठेवणे मात्र धोक्याचे आहे. गालाच्या सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

दात काढण्यापूर्वी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दात काढल्यावर कापूस सांगितलेला वेळ घट्ट दाबून धरावा. पहिले 24 तास गुळण्या, थुंकणे, स्ट्रॉने पिणे आणि तंबाखू टाळावी, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून दोन-चार दिवसांनी असह्य दुखू लागते. वजू करतानाही त्या दिवशी जोरात गुळण्या करू नयेत, पाणी तोंडात हलकेच घेऊन सोडावे.

रोजात रक्त किंवा औषध घशाखाली जाण्याची भीती असते. म्हणून तातडी नसेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्यावी. तातडी असेल तर आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे. रोजा आणि वजूचे बारकावे आपापल्या मसलकानुसार आलिमांना विचारून घ्यावेत.

खर्चाचे काय?

रूट कॅनाल आणि कॅपपेक्षा दात काढणे स्वस्त पडते, म्हणून अनेक घरांत निर्णय तिथेच होतो. पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली उतरतो, चावणे एकाच बाजूने होऊ लागते. मग कृत्रिम दाताचा खर्च येतोच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, पुण्यात आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालय अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खाजगी दवाखान्यांपेक्षा तिथे सहसा खर्च कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात, पण दात वाचतो.

मिसवाकची सुन्नत आपल्याला लहानपणापासून शिकवली जाते. तिच्या जोडीला रात्री झोपण्यापूर्वी ब्रश आणि वर्षातून एकदा तरी दातांची तपासणी, एवढे घरात रुजले तर काढण्याची वेळ क्वचितच येईल, इन्शाअल्लाह. आणि ही तपासणी या वेळी अम्मीपासून सुरू करू या. तिची दाढ केव्हापासून दुखते आहे, हे आज घरी गेल्यावर विचारून पाहा.