गोळी रोजची, मदत खाटेपुरती

मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी अनेकांना दिवसातून दोनदा घ्यावी लागते. महिन्याच्या साठ गोळ्या, म्हणजे दहाची सहा पाकिटं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं. त्या वेळी केंद्र सरकारनेच सांगितलं होतं की, नामांकित ब्रँडची या औषधाची दहा गोळ्यांची पाकिटं १६२ ते २५८ रुपयांना मिळतात. सहाने गुणलं की महिन्याचे ९७२ ते १,५४८ रुपये होतात. श्रावणबाळ योजनेत सरकार निराधार वृद्धाला महिन्याला देतं १,५०० रुपये. साखर कारखान्यात, गिरणीत, एसटीत आयुष्य घालवलेल्या माणसाचं ‘ईपीएस-९५’खालचं किमान निवृत्तिवेतन तर २०१४ पासून १,००० रुपयांवरच अडकून पडलं आहे.

हा हिशेब एका गोळीचा झाला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डब्यात त्याशिवाय बीपीची गोळी असते, कोलेस्टेरॉलची असते, झटका येऊन गेला असेल तर रक्त पातळ ठेवणारी असते. देशातल्या वृद्धांची ‘लासी’ नावाची मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात साठीपुढच्या ३२ टक्के लोकांनी उच्च रक्तदाबाचं आणि १४ टक्के लोकांनी मधुमेहाचं निदान झाल्याचं सांगितलं. ज्यांनी कधी तपासूनच घेतलेलं नाही, ते या आकड्यांत नाहीत.

पैसे पुरेनासे झाले की म्हातारी माणसं काय करतात, हे कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवाल्याला विचारा. चिठ्ठी महिन्याची असते, मागणी पाच दिवसांची होते. कुणी एक दिवसाआड घेतं, कुणी गोळी मोडून अर्धी घेतं. पोटात सावकाश विरघळावी म्हणून मुद्दाम तशी बनवलेली गोळी मोडली, तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. घरात नवरा-बायको दोघांनाही बीपी असेल, तर आधी बंद होते ती बहुतेकदा आजीची गोळी. बीपी दुखत नाही, साखर दुखत नाही. त्यामुळे घरखर्चाला कात्री लागली की पहिला नंबर या गोळ्यांचा लागतो, आणि पुढे सहा महिने, वर्षभर काही बिघडल्यासारखं वाटतही नाही.

सरकार वृद्धांच्या आजारपणासाठी काहीच करत नाही, असं कुणी म्हणू नये. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची कुठलीही अट न घालता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याचं ‘वय वंदना’ कार्ड आधार दाखवून काढता येतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही आता पाच लाख आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. या तिन्ही मदती खऱ्या आहेत, आणि त्यांनी अनेक घरं कर्जातून वाचवली आहेत.

पण तिन्ही खाटेशी बांधलेल्या आहेत. माणूस दाखल झाला तर पैसे मिळणार. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात, त्या पंधरा दिवसांची औषधंही त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून गोळी ज्याची त्याने विकत घ्यायची. अँजिओप्लास्टी फुकट झाली, नळी बसली, आणि ती नळी पुन्हा तुंबू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांना मात्र कुणीच वाली नाही. साखरेची गोळी परवडली नाही म्हणून मूत्रपिंड गेलं, तर डायलिसिस योजनेत बसतं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि पैशांच्या दृष्टीनेही उलटं वाटतं. महिन्याच्या काहीशे रुपयांच्या गोळ्यांनी जे टळलं असतं, त्यावर नंतर सरकारलाच लाखांनी खर्च करावा लागतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण ज्याला वर्षानुवर्षं रोज औषध घ्यायचंय आणि दाखल व्हायची वेळ येऊ द्यायची नाहीये, त्याला या घटीचा फायदा सगळ्यात कमी जाणवतो.

औषधांच्या किमतींवर सरकारचं नियंत्रण नाही का? आहे, पण अर्धवट. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत आणि त्यांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. ही किंमत गोळी बनवायला किती खर्च आला यावरून ठरत नाही. २०१३ च्या आदेशाने ती पद्धत बदलली. आता बाजारात ठरावीक हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचा १६ टक्के नफा मिळवतात. बाजारच महाग असेल तर सरासरीही महागच निघणार. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. दरवर्षी दहा टक्के वाढत गेलं तर सात-आठ वर्षांत किंमत दुप्पट होते. याच काळात वृद्धांच्या निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला महिना २०० रुपये होता आणि आहे. गेल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. निर्णय चांगला होता. पण २५८ रुपयांच्या पाकिटावर त्यातून सुटतात सोळा रुपये.

मग गरीब म्हाताऱ्या माणसाने आज करायचं काय? पहिलं दार जनऔषधी केंद्राचं. २००८ मध्ये अमृतसरच्या सरकारी रुग्णालयात पहिलं केंद्र उघडलं. पुढची काही वर्षं योजना रखडली, २०१५ नंतर तिने वेग घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रांची संख्या १५,००० झाली. इथल्या औषधाची किंमत ठरवताना बाजारातल्या पहिल्या तीन ब्रँडची सरासरी काढतात आणि तिच्या जास्तीत जास्त निम्मी ठेवतात. सुरुवातीला जिचा हिशेब मांडला ती सिटाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनची गोळी जनऔषधीने २०२२ मध्येच दहाला ६५ रुपयांत आणली. महिन्याचे झाले ३९० रुपये. बीपी, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करणारी, थायरॉइडची अशी म्हातारपणात लागणारी नेहमीची औषधं तिथे आहेत. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतात. आजोबांना ॲप जमलं नाही तरी नातवाला जमेल.

अडचण येते ती चिठ्ठीवर. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात, आणि औषध नियमांतल्या ६५ (११अ) या कलमाप्रमाणे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या ‘शेड्यूल एच’च्या औषधांत दुकानदाराला लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं देता येत नाही, आत तेच रसायन असलं तरी. म्हणजे स्वस्त गोळी समोरच्या फळीवर असते, ती घ्यायची की नाही हे मात्र डॉक्टरांच्या पेनाने ठरतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहिणं बंधनकारक केलं होतं. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते नियम थांबवले गेले. गुणवत्तेची खात्री आधी द्या, हा त्यांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. जनऔषधीच्या प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते असं सरकार सांगतं. तरी नमुने अधूनमधून नापास होतात, तसे मोठ्या ब्रँडचेही होतात, आणि केंद्रीय औषध नियंत्रकांच्या दर महिन्याच्या यादीत दोन्ही सापडतात. यावर इलाज अधिक तपासणीचा आहे. गरिबाने महाग गोळी घ्यावी, हा नाही.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर संकोच न करता म्हणावं, ‘डॉक्टरसाहेब, महिन्याला एवढेच पैसे आहेत. औषधाचं मूळ नाव लिहून द्या, आणि यातली कुठली गोळी बंद करता येईल का तेही बघा.’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे. तीन ठिकाणी तीन डॉक्टर झाले की ॲसिडिटीची, व्हिटॅमिनची, शक्तीची अशा गोळ्या साचत जातात, आणि पैसे संपल्यावर आजी बंद करते ती नेमकी बीपीची. कारण शक्तीची गोळी अंगाला लागते असं तिला वाटतं. चिठ्ठीतल्या सगळ्या गोळ्यांत एकही चुकवायची नाही अशी कुठली, हे डॉक्टरांनी खूण करून दिलं तरी केवढं काम होईल. गोळीचा रंग, आकार बदलला की वृद्ध माणूस गोंधळतो, तेव्हा पाकिटावर मराठीत ‘सकाळी’, ‘रात्री’ लिहून देणारं घरात कुणीतरी हवं.

दुसरं दार त्याहून जवळ असतं आणि तिथे पैसेच लागत नाहीत. बीपी आणि साखरेच्या मूळ गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळंच मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांचे दवाखाने या निर्णयात नाहीत, हे लक्षात ठेवावं. हे काम नीट कसं करायचं, ते आपल्याला माहीत आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या राज्यांत सर्वांत आधी सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे त्यातले आपले पहिले जिल्हे. पद्धत अगदी सरळ होती. सगळ्या रुग्णांसाठी ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येकाची नोंद असलेलं कार्ड, आणि एका वेळी तीस दिवसांचं औषध. मोजकीच औषधं घ्यायची ठरल्यावर ती मोठ्या प्रमाणात आणि स्वस्तात घेता येतात.

पण गोळी त्या दिवशी तिथे असली पाहिजे. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्टीपुढे अर्धं तिकीट आहे, तरीही गुडघे धरून स्टँडवर उभं राहायचं, दोन तास रांगेत बसायचं आणि ‘साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकायचं, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो माणूस येत नाही. औषध खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. त्याची परीक्षा मंत्रालयातल्या कागदावर घ्यायची नाही. तालुक्याच्या खिडकीवर महिन्याच्या अखेरीला बीपीची गोळी शिल्लक आहे का, एवढंच पाहावं.

एक दार बहुतेकांना ठाऊकच नसतं. कारखान्यात काम करताना ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात होते आणि ज्यांची अशी विमाकृत नोकरी किमान पाच वर्षं झाली होती, त्यांना निवृत्तीनंतर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी कामगार विमा दवाखान्याचे उपचार सुरू ठेवता येतात. त्यात बाह्यरुग्ण विभागातली औषधंही येतात. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, इचलकरंजी, नाशिक इथल्या निवृत्त कामगारांपैकी कुणी हे वाचत असेल, तर जुना विमा क्रमांक शोधून जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात चौकशी करावी. बरोबर काम केलेल्यांनाही सांगावं. ही माहिती त्यांना कार्यालयातून कुणी घरी येऊन सांगणार नाही.

बाकीच्यांचं काय, याचं उत्तर दुसऱ्या दोन राज्यांनी दिलेलं आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत सगळ्यांना मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. सरकारं बदलली, योजना टिकली. तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ ला कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ सुरू केलं. त्यात स्थानिक बचत गटांतल्या बायका घरोघर जाऊन बीपी आणि साखर तपासतात आणि गोळ्या हातात देतात. तिथे हे जमतं, कारण १९९४ मध्ये स्थापन झालेलं त्यांचं औषध खरेदी महामंडळ तीस वर्षं गोदामात साठा ठेवत आलं आहे. घरपोच गोळीच्या मागे भरलेलं गोदाम लागतं.

महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशाताई आहेत. तिशीपुढच्या माणसांची बीपी-साखरेची नोंद त्या आजही फॉर्मवर भरून घेतात. कुठल्या घरात कुणाची गोळी बंद आहे, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. साठीपुढच्या आणि शिधापत्रिकेवर गरीब म्हणून नोंद असलेल्या रुग्णांना त्यांच्याच हातून महिन्याच्या गोळ्या पोचवाव्यात, त्या कामाचा वेगळा आणि वेळेवर मोबदला त्यांना द्यावा, आणि शहरांत हेच काम महापालिकांच्या आरोग्यसेविकांकडे द्यावं, एवढी मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या आमदारांकडे लेखी करावी. सुरुवातीला पाच-सहा औषधं पुरेत: अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अटॉर्वास्टॅटिन आणि झटका येऊन गेलेल्यांसाठी ॲस्पिरिन. सगळी जुनी आहेत, पेटंटबाहेरची आहेत, आणि सरकारने एकगठ्ठा घेतली तर गोळीमागे काही पैशांपासून एखाद-दोन रुपयांपर्यंत पडतील.