चिंच, मीठ आणि हिरवं तांबं

कोल्हापूरजवळच्या उचगावात एक मिस्त्री नव्या तांब्याला जुनं करून देतात, जाऊन या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्याकडे बायकांची उभी हयात तांब्यापितळेवरचा हिरवा जंगाल काढण्यात गेली. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकलं की ते ओतूनच द्यायचं. जंगाल म्हणजे विष, हे घरोघरी ठाऊक. तोच जंगाल हा माणूस पैसे घेऊन चढवतो!

मिस्त्री आधी फौंड्रीत मोल्डिंगला होते. आता छोट्या शेडमध्ये हॉटेलांसाठी दिव्यांच्या शेड आणि दारावरच्या पाट्या करतात. कृती विचारली तर म्हणाले, "घासायला जे लागतंय तेच रंगवायला लागतंय. आंबट आन् मीठ. फक्त धुवायचं न्हाई."

सगळं रसायनशास्त्र या वाक्यात आलं. चिंच-मिठानं वरचा काळा थर विरघळतो, राख लावून धुतलं की भांडं लखलखतं. न धुता ओलं ठेवलं, की मीठ, आम्ल आणि हवेतला प्राणवायू मिळून तांब्यावर हिरवी-निळी साय धरते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 साली उभा राहिला तेव्हा तांबूसच होता. पुरता हिरवा व्हायला तीसेक वर्षं लागली. मिस्त्रींना एवढा धीर धरून चालत नाही.

त्यांची सगळी मदार एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यावर. पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासायचा, भांड्याच्या साबणानं तेलकटपणा काढायचा आणि मग उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचा ठसा तसाच उमटतो. चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं व्हिनेगर, त्यात मीठ. त्यात लाकडाचा भुसा भिजवायचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. पत्रा त्या भुशात पुरून झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी काढला तर काहीच झालेलं दिसत नाही. खरा रंग वाळताना येतो, आणि जिथं भुसा टेकला होता तिथं ठिपके उठतात. ते ठिपके मला फार आवडले. ब्रशनं असं जमत नाही.

अडचणी मात्र पुष्कळ. पितळ हट्टी, त्यातलं जस्त आधी निघून गेलं तर गुलाबी डाग पडतात. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या लोखंडावर हिरव्याऐवजी गंज येतो. नवी साय बोटानं निघते, म्हणून वरून मधमाश्यांचं मेण लावावं लागतं, आणि मेणानं रंग गडद होतो.

खरी काळजी मिठाची. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे. मातीत शतकानुशतकं राहिलेल्या अशा वस्तूंबाबत जतन करणारे सर्वांत जास्त धास्तावतात ते थराखाली दडलेल्या क्लोराइडला. दमट हवा मिळाली की ते पुन्हा जागं होतं, फिकट हिरवी भुकटी सुटते आणि धातू आतून खाल्ला जातो. मिस्त्री तेच क्लोराइड मिठातून मुद्दाम घालतात, आणि कोल्हापूरचा पाऊस तर सर्वांना माहीत आहे. "म्हणून शेवटी सोडा टाकून धुतो, चांगलं वाळवतो, मगच मेण," ते म्हणाले. धोका कमी होतो. संपतो असं मी म्हणणार नाही.

घरी करून बघणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, डबा मुलांपासून लांब ठेवावा. आणि आजीच्या हंड्यावर प्रयोग करू नका. भंगारवाल्याकडून तांब्याचा तुकडा आणा.