नाव खोटं, माणूस खरं

मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या भित्तिपत्रकात एक कविता आली. पावसात भिजलेल्या कुत्र्याच्या पिल्लावर होती. सगळ्यांना आवडली. पण खाली नाव काय, तर 'अनामिका'! आता आमच्या वर्गात अनामिका नावाची मुलगीच नाही. मग सुरू झाली शोधाशोध. "बाई, तुम्हाला माहीत आहे ना? सांगा ना!" मला अक्षरावरून लगेच कळलं होतं, पण मी काही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत ती मुलगी हळूच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, नाव लिहिलं असतं ना, तर सगळे हसले असते."

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. माणूस आपलं नाव का लपवत असेल?

पांडवांचा अज्ञातवास तुम्हाला ठाऊकच आहे. विराट राजाच्या घरी भीम बल्लव नावाचा आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा झाला, तर महाराणी द्रौपदी सैरंध्री नावाची दासी. वेश बदलून राहणाऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकायला आपल्याला भारी गंमत वाटते. कारण आपल्याला गुपित माहीत असतं आणि गोष्टीतल्या लोकांना नसतं! अशाच गोष्टींचं एक मोठं भांडार इंग्लंडमध्ये आहे. त्यांना 'रीजन्सी' काळातल्या प्रेमकथा म्हणतात. आज त्यांतल्या एका गोष्टीची, आणि तिच्यामागे लपलेल्या आणखी दोन माणसांची ओळख करून घेऊ या.

रीजन्सी म्हणजे काय?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकेनासा झाला. म्हणून १८११ साली त्याच्या मुलाला 'प्रिन्स रीजंट', म्हणजे राजाच्या वतीनं कारभार पाहणारा राजपुत्र, नेमलं. १८२० साली म्हातारा राजा वारला आणि रीजंट स्वतः राजा झाला. मधली ही नऊ वर्षं म्हणजे रीजन्सीचा काळ. याच काळात, १८१८ साली, आपल्याकडे पेशवाई बुडाली, हे लक्षात ठेवा बरं का.

तेव्हाच्या लंडनमध्ये सरदार-उमरावांचा थाट काही विचारू नका. 'ऑलमॅक्स' नावाच्या सभागृहात नाच व्हायचे. तिथं कुणाला येऊ द्यायचं, हे मोजक्या बड्या घरच्या बायका ठरवायच्या. पैसा कितीही असो, त्यांनी परवाना दिला नाही तर दार बंद! ड्यूक ऑफ वेलिंग्टन एकदा गुडघ्यापर्यंतच्या तुमानीऐवजी लांब पँट घालून आला, म्हणून त्यालाही दारातून परत पाठवलं, अशी एक आख्यायिका आहे. हा वेलिंग्टन कोण, ठाऊक आहे? १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढून जिंकलेला आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे १८१५ साली त्यानं वॉटर्लूला नेपोलियनलाही हरवलं. असा सेनापती, आणि अडला कुठं, तर तुमानीपाशी!

अशा जगात माणसाची किंमत त्याच्या घराण्यावर, कपड्यांवर आणि मिळकतीवर ठरायची. लग्नही तसंच. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोचा पैसा बहुतेक नवऱ्याच्या ताब्यात जायचा. म्हणजे श्रीमंत घरची अनाथ मुलगी ही नातेवाइकांच्या दृष्टीनं चालतीबोलती तिजोरीच म्हणा ना! शिवाय एकवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना लग्नासाठी वडीलधाऱ्यांची परवानगी लागायची. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तो नियम नव्हता. म्हणून कित्येक जोडपी पळून जाऊन सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावात लग्न करायची.

खिडकीतून उतरलेला मुलगा

आता गोष्ट. जॉर्जेट हेयर या लेखिकेची 'द कॉरिंथियन' ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक सर रिचर्ड विंडहॅम. श्रीमंत, रुबाबदार, पण आयुष्याला कंटाळलेला. घरचे मागे लागलेत, की अमुक मुलीशी लग्न कर. ती मुलगी बर्फासारखी थंड, आणि तिच्या घरच्यांना हवाय याचा पैसा. दुसऱ्या दिवशी मागणी घालायची, या विचारानं बिचारा रात्री रस्त्यानं पायी चाललेला असतो. इतक्यात काय बघतो? एका घराच्या खिडकीतून चादरींना गाठी मारून एक पोरगा खाली उतरतोय! चादर पडते अपुरी. रिचर्ड त्याला झेलतो आणि पाहतो तर काय, तो पोरगा नाहीच! ती आहे सतरा वर्षांची पेनेलोपी क्रीड. तिचीही गत तशीच. आईवडील नाहीत, मालमत्ता भरपूर. मावशीला तिचं लग्न स्वतःच्या मुलाशी लावायचंय. त्या मुलाचं तोंड माशासारखं आहे, ही पेनची आणखी एक तक्रार!

पेन निघालीय लहानपणीच्या मित्राकडे. रात्रीच्या वेळी तिला एकटं कसं सोडायचं? रिचर्डही निघतो. उंची बग्गी सोडून दोघं साध्या भाड्याच्या घोडागाडीत बसतात. ती गाडी ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलत जायची, म्हणजे तेव्हाची एस. टी.च म्हणा. वाटेत गाडी उलटते, एक चोर भेटतो, चोरीचा हिऱ्यांचा हार रिचर्डच्याच खिशात येऊन पडतो आणि एक खूनही होतो. पुढचं सगळं मी सांगणार नाही. मोठे झालात की वाचा.

तुम्ही विचाराल, "इतकं सोपं होतं का हो फसवणं?" होतं खरं. फोटो काढायची कला तेव्हा निघालीच नव्हती. त्यामुळे ओळखपत्रावर चेहरा असण्याचा प्रश्नच नाही. नुसते कपडे बघून लोक माणूस ओळखायचे. पँट आणि टोपी दिसली, की झाला मुलगा! साध्या गाडीत बसला, तो सामान्य माणूस! वेश बदलणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचीच चूक जास्त, नाही का?

आणि एक गंमत बघा. रिचर्ड आणि पेन सगळ्या जगापासून आपली ओळख लपवतात, पण एकमेकांना मात्र पहिल्याच रात्री खरं नाव सांगून टाकतात. लंडनच्या दिवाणखान्यात, खऱ्या नावानं वावरताना दोघांनाही मनातलं बोलता येत नव्हतं. खोट्या नावानं फिरताना ते बोलता आलं. त्यांचं प्रेम जमलं ते यातूनच, असं मला वाटतं.

मुखवट्यामागच्या लेखिका

आता ही गोष्ट लिहिणारीकडे वळू. जॉर्जेट हेयरचा जन्म १९०२ साली लंडनजवळच्या विम्बल्डनला झाला. तिचा धाकटा भाऊ आजारी असायचा. त्याचं मन रमावं म्हणून सतराव्या वर्षी तिनं एक गोष्ट रचली. तिचीच पुढे कादंबरी झाली आणि १९२१ साली छापली गेली. अभ्यास मात्र कडक हं! त्या काळचे कपडे, गाड्या, बोलण्याची ढब यांच्या नोंदींनी तिच्या वह्या भरलेल्या असत. वॉटर्लूवरच्या कादंबरीत वेलिंग्टनच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द त्यानं खरोखर बोललेला किंवा लिहिलेला आहे, असा तिचा दावा होता.

आणि एवढी खपाची लेखिका मुलाखत देत नसे! माझ्याविषयी काय ते माझ्या पुस्तकांत सापडेल, असा तिचा बाणा. रोजच्या व्यवहारात ती होती फक्त 'मिसेस रूझिए'. पुष्कळ वाचकांना तिचं हे लग्नानंतरचं नाव कळलं, ते १९७४ साली ती गेल्यावर.

हेयरची आवडती लेखिका जेन ऑस्टिन. ती तर खुद्द रीजन्सीच्या काळात राहिलेली. तिची पहिली कादंबरी १८११ साली आली, त्यावर लेखक म्हणून छापलं होतं, 'एक स्त्री'. बस्स, एवढंच! चांगल्या घरातल्या बाईनं पैशासाठी पुस्तकं लिहिणं लोकांना रुचत नसे. तिच्या भावानं कौतुकाच्या भरात हे गुपित काही जणांजवळ फोडलं. ते राजवाड्यापर्यंत पोहोचलं आणि प्रिन्स रीजंटनं आपल्या ग्रंथपालामार्फत कळवलं, की पुढचं पुस्तक मला अर्पण केलं तरी चालेल. राजपुत्राला नाही कसं म्हणणार? 'एमा' ही कादंबरी त्याला अर्पण झाली. पण तिच्यावरही जेनचं नाव नव्हतं. ते वाचकांसमोर आलं १८१७ च्या जुलैत ती वारल्यावर. तेव्हा ती अवघी एकेचाळीस वर्षांची होती.

आपल्याकडेही असं घडलंय. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक आलं. शिकलेल्या मुलींच्या मनातलं दुःख त्यात होतं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. केवढी खळबळ उडाली! कोण ही विभावरी? त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. आजीला विचारा, तिला हे नाव माहीत असेल.

म्हणजे बघा, पेननं मुलाचे कपडे घातले, कारण मुलीच्या कपड्यांत तिला आपल्या मनासारखं जगता येत नव्हतं. जेननं नाव गाळलं, विभावरीबाईंनी बदललं, कारण खऱ्या नावानं लिहिलं तर लोक नावं ठेवतील ही भीती. पण जेनचं चित्र २०१७ साली इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर आलं. हेयरच्या विम्बल्डनच्या घरावर २०१५ साली तिच्या नावाची निळी पाटी लागली.

ही सगळी हकिगत मी वर्गात सांगितली. कुणाकडेही न बघता, बरं का. पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात पुन्हा एक कविता आली, या वेळी आजीच्या चष्म्यावर. खाली 'अनामिका' नव्हतं. पूर्ण नावही नव्हतं. एकच अक्षर होतं, 'स'.

कुणी हसलं नाही. आता मी पुढच्या अंकाची वाट बघतेय.