शत्रूच्या रडारास चकविणारा भुसा

समुद्रावर जहाजाचा वेध घेणाऱ्या पुष्कळ क्षेपणास्त्रांच्या अग्रभागीं एक लहानसें रडार असतें. तें रेडिओ-लहरी सोडतें, आणि जेथून ठळक प्रतिध्वनि येईल तिकडे क्षेपणास्त्र धांवतें. जहाज लपवितां येत नाहीं. खोटा प्रतिध्वनि मात्र उभा करतां येतो. त्यासाठीं ॲल्युमिनियमचा लेप दिलेले कांचेचे बारीक तंतु घेतात. त्यांची लांबी लहरीच्या सुमारें निम्मी हवी. तीन सेंटिमीटरच्या लहरीस दीड सेंटिमीटर. असे असंख्य तंतु अग्निबाणानें हवेंत उधळले कीं रडारास तेथें जहाजच भासतें. इंग्रजींत ह्यास ‘चॅफ’, म्हणजे भुसा, म्हणतात. नांव हलकें, काम प्राणरक्षणाचें!

भारतीय नौदलासाठीं जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनें लघु, मध्यम व दीर्घ पल्ल्यांचे असे अग्निबाण सिद्ध केले. अरबी समुद्रांतील त्यांच्या यशस्वी चांचण्यांची वार्ता एप्रिल २०२१ मध्यें आली. शत्रूनें लक्ष्य धरण्यापूर्वीं दूरवर ढग उभारून त्यास भुलवावयाचें. धरलेंच, तर जवळ ढग उडवून जहाजानें बाजूस निसटावयाचें. त्याच वर्षीं विमानांसाठीं भुशाचें काडतूस तयार झालें, त्यांत पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचा हात होता.

१९७३ मध्यें लाताकियापाशीं सीरियाचीं क्षेपणास्त्रें इस्रायली नौकांनीं ह्याच युक्तीच्या साहाय्यानें चुकविलीं. परंतु चकलेलें क्षेपणास्त्र विरून जात नाहीं. २५ मे १९८२ रोजीं फॉकलंडच्या युद्धांत ब्रिटिश युद्धनौकांच्या भुशानें फसलेलीं एक्झोसेट क्षेपणास्त्रें पुढें ‘अटलांटिक कन्व्हेयर’ ह्या मालवाहू जहाजावर आदळलीं. त्या जहाजावर भुसा नव्हता. बारा माणसें दगावलीं.