हायपोतली चांदी

खंडेनवमीला ज्या मशीनला झेंडूची माळ घातली, त्याच मशीनसाठी काही वर्षांनी भंगारवाल्याशी किलोच्या भावावरून घासाघीस करायची वेळ कितीतरी कलर लॅबवाल्यांवर आली. नोरित्सूची किंवा फुजीची मिनीलॅब घेणं म्हणजे एके काळी गावात नाव निघण्याची गोष्ट. कित्येक लाखांचं कर्ज, थ्री-फेज वीज, वातानुकूलित खोली आणि धूड असं की आत आणताना दाराची चौकट काढावी लागे. बाहेर नेताना चौकट जागेवर राहिली. तुकडे मशीनचे झाले.

गंमत अशी, की यातल्या बऱ्याच मिनीलॅब बिघडलेल्या नव्हत्या. त्या उपासमारीने मेल्या. टाकीतल्या डेव्हलपरला रोजचं काम लागतं. जितके रोल जातील तितकं ताजं रसायन आत येतं आणि जुनं बाहेर पडतं. दिवसाला शंभर रोलांवर बेतलेल्या टाकीत चार रोल यायला लागले, की तेच द्रावण हवेशी संयोग पावत काळवंडतं, रंग ढळतात, वधूचा शालू भलताच दिसू लागतो. रसायन बदलायचं तर चार रोलांच्या कमाईत ते बसत नाही. कुठलाही मेकॅनिक यावर औषध देऊ शकत नव्हता.

जपानमधल्या वाकायामाच्या नोरित्सू कंपनीने 1970च्या दशकात रोल धुण्याचा हा अख्खा कारखाना दुकानात मावेल एवढा केला. त्याआधी आपल्याकडे रंगीत रोल मोठ्या शहरात पाठवून वाट पाहावी लागे. डिजिटल कॅमेरा आणि मग मोबाइल आला, तेव्हा तीच दुकानं सर्वांत आधी रिकामी झाली. त्यामानाने निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणारा अडाणी एनलार्जर बचावला. दिवा, भाता, भिंग आणि वर-खाली सरकणारा खांब. त्यात सॉफ्टवेअर नाही, बोर्ड नाही. कृष्णधवल छपाईचं वेड लागलेली पोरं आज तो शोधत फिरतात, आणि एल-निक्कॉरसारखी त्याची भिंगं किडे-मुंग्यांचे फोटो काढणारे हौशी लोक घेऊन जातात. मिनीलॅबमधला निगेटिव्ह वाचणारा स्कॅनरही हातोहात जातो. फिल्मकडे परतलेल्यांना तो हवा असतो, छापणारा भाग मात्र कुणालाच नको. म्हणून लॅब विकायची असेल तर आधी स्कॅनर आणि भिंगं वेगळी काढावीत. अख्ख्या लॅबचा भाव विचारणारा फसतो.

मोठ्या कारखान्यांचं भंगार जगाने तमाशा बघावा तसं बघितलं. फ्रान्समधलं शालों-सुर-सोन हे छायाचित्रणाच्या आद्य पुरुषांपैकी एक असलेल्या निएप्सचं जन्मगाव. तिथली कोडॅकची इमारत डिसेंबर 2007 मध्ये सुरुंग लावून पाडली. नेदरलँड्समधल्या एन्स्केडेत 2008 साली पोलरॉइडचा शेवटचा फिल्म कारखाना बंद होताना मात्र काही खुळ्यांनी यंत्रं विकत घेतली, आणि झटपट फिल्म तिथेच पुन्हा निघू लागली. इटलीतल्या फेरानियात 2014 साली लोकवर्गणी जमवून पाडकामाच्या तोंडची यंत्रं सोडवली. कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मला असा वाली मिळाला नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या एका लॅबने 30 डिसेंबर 2010 पर्यंतच आलेले रोल धुवायला घेतले, कारण रसायनंच बनायची थांबली होती. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने काढला. त्यातल्या काही फ्रेम मुंबईतल्या सिनेमावाल्यांच्या आहेत.

पण लॅबच्या विक्रीत माझं लक्ष जातं ते चांदीकडे. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांमुळे. रंगीत रोल धुताना रंग तयार झाले, की चांदीचं काम संपतं आणि ती सगळी ब्लीच-फिक्समध्ये उतरते. वापरलेल्या हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, विजेचे दोन ध्रुव सोडले, की एकावर चांदीचा थर चढतो. लोखंडाच्या तारेच्या चोथ्यातून तो हायपो सोडला, तरी तळाशी काळपट गाळ बसतो आणि तो गाळ म्हणजे चांदीच. सोनाराच्या दुकानातला केर धुणारे झारेकरी, तसे जुने एक्स-रे आणि हायपोचं पाणी घेत फिरणारे. कित्येक लॅबवाल्यांना मशीन विकण्यापेक्षा मशीन साफ करणाऱ्या माणसाची वाट पाहणं फायद्याचं ठरलं असेल.

वाट नसेल पाहिली, तर ते हायपोचं पाणी गटारात गेलं. चांदी पाण्यातल्या जिवाणूंना मारक असते. शिवाय अमोनियमवाला फिक्सर आणि अल्कलीयुक्त डेव्हलपर एकाच बादलीत ओतले, तर अमोनियाचा वास नाकाला झोंबून माणूस बाहेर पळतो. टाक्या एकेक करून रिकाम्या कराव्यात, एकाच बादलीत नव्हे.

चांदीने आपलं मोठं नुकसानही केलं आहे. भारतात सुमारे 1300 मूकपट झाले, त्यांतले थोडेच आज उरले आहेत. 1931 सालच्या 'आलम आरा' या बोलपटाची एकही प्रत नाही. आगी लागल्या, नायट्रेटची फिल्म कुजली हे खरंच, पण कितीतरी रिळं चांदीपायी धुतली गेली. ज्याला तोळ्याचा भाव होता, त्याचा नाश झाला.

रंगीत निगेटिव्हचं याच्या उलट. धुतानाच तिची चांदी निघून गेलेली, म्हणून ती भंगारवाला काट्यावर घेतच नाही. प्रत्येक लॅबमध्ये पोटमाळ्यावर एक खोकं असतं: पैसे न भरता पाकिटं तशीच टाकून गेलेल्या गिऱ्हाइकांचं. पाकिटावर पेनने नाव, तारीख, उरलेली रक्कम, 'मॅट' किंवा 'ग्लॉसी'. मशीन गेलं, एसी गेला, दुकानात आता मोबाइलचे कव्हर टांगलेत. खोकं तिथंच आहे. मालक कधीतरी एखादं पाकीट उघडतो, निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरतो आणि केशरी अंधारातली माणसं कोण असावीत याचा अंदाज बांधतो.