नौकेवरील भोजनसंध्या : मांडवी आणि वर्धा

पुलगांव हें नांव पुलावरून पडलेलें आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरला पोंचला. त्या मार्गासाठीं वर्धा नदीवर जो पूल बांधावा लागला, त्याच्या आश्रयानें हें गांव वाढलें. पुढें तेथें कापडाची गिरणी निघाली, आर्वीकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी सुटूं लागली, आणि लष्कराच्या दारूगोळ्याचें मोठें भांडारहि तेथेंच झालें. परंतु ज्या नदीमुळें पूल झाला आणि पुलामुळें गांवास नांव मिळालें, त्या नदीवर नौकेंत बसून भोजन करण्याची व गाणें ऐकण्याची रीत मात्र तेथें पडली नाहीं. आगगाडींतील उतारूंस ती चार-दोन क्षण खिडकींतून दिसते, आणि गाडी पुढें निघून जाते.

गोमंतकांत पणजी येथें याच्या उलट देखावा दिसतो. मांडवी नदीवरील पुलांच्या पायथ्याशीं सांता मोनिका नांवाचा धक्का आहे. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या व इतरांच्या दुमजली नौका तेथून सायंकाळीं सुटतात. सूर्यास्ताची फेरी सुमारें एक तासाची. भोजनाची फेरी त्याहून लांब व रात्रीची. नौका मुखाच्या दिशेनें चालूं लागली म्हणजे डाव्या हातास पणजी शहर व आदिलशहाचा जुना वाडा, उजव्या हातास रेइश मागुशचा किल्ला, आणि समोर आग्वादचें भूशिर दिसूं लागतें. तेवढ्यांत वरच्या मजल्यावर वाद्यें सुरू होतात, गोमंतकाचीं पारंपरिक नृत्यें होतात, आणि मधून मधून उतारूंनाहि रंगमंचावर बोलावण्यांत येतें. भोजनाच्या फेरींत बहुधा ज्यानें त्यानें ताट घेऊन मांडलेल्या पदार्थांतून वाढून घ्यावयाचें असतें.

एका नदीवर जें इतकें सहज जमतें, तें दुसरीवर कां जमूं नये, असा प्रश्न येथें उत्पन्न होतो. त्याचें उत्तर माणसांच्या हौसेपेक्षां पाण्याच्या स्वभावांत अधिक आहे.

मांडवी ही पणजीजवळ नदी कमी व समुद्राची खाडी अधिक आहे. तिचा उगम कर्नाटकांतील खानापूरच्या रानांत होतो व तेथें तिला म्हादई म्हणतात. मुखाजवळ मात्र समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां आंत येतें व दोनदां बाहेर जातें. पाऊस संपला तरी पात्र रिकामें होत नाहीं. वैशाखांतहि तें कांठोकांठ असतें. लोहखनिजानें भरलेल्या मोठमोठ्या बार्जेस याच पात्रांतून अनेक वर्षें मुरगांव बंदराकडे जात होत्या, यावरून त्याच्या खोलीची कल्पना येईल. पावसाळ्यांत मुखाशीं वाळूचा दांडा व लाटांचा जोर यांमुळें समुद्रांत जाणें धोक्याचें होतें. परंतु सहलीच्या नौकेस समुद्रांत जावयाचेंच नसतें. आग्वादच्या अलीकडे, आडोशाच्या पाण्यांत ती वळते व परत येते.

जगांतील ज्या नद्यांवर अशा भोजननौका प्रसिद्ध आहेत, त्या सर्वांचें रहस्य हेंच आहे. पॅरिसच्या सेन नदीची पातळी बांध व जलद्वारें यांच्या योगानें राखलेली आहे. कैरोची नाईल १९७० सालीं पूर्ण झालेल्या अस्वानच्या उंच धरणानें आवरली आहे. बँकॉकची नदी मांडवीप्रमाणेंच भरतीओहोटीच्या टापूंत येते. जेथें पाण्याची पातळी फार चढत नाहीं व फार उतरत नाहीं, तेथेंच कायमचा धक्का बांधतां येतो. आणि जेथें धक्का आहे, तेथेंच रोज ठराविक वेळीं निघणारी नौका पोसतां येते.

वर्धा नदीची प्रकृति निराळी. ती मध्य प्रदेशांत मुलताईजवळ सातपुड्यांत उगम पावते, काळ्या पाषाणाच्या व काळ्या मातीच्या मुलुखांतून वाहते, आणि पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता या नांवानें गोदावरींत जाते. तिला समुद्राची भरती कोठून मिळणार? जें पाणी आहे तें पावसाचें. श्रावण-भाद्रपदांत ती दोन्ही कांठ भरून, गढूळ व वेगवान अशी धांवते; त्या वेळीं नौका घालणें म्हणजे संकट ओढवून घेणें होय. उन्हाळ्यांत तीच नदी डोह, वाळू व खडक यांत विभागली जाते, आणि तेव्हां जड नौकेचा तळ जमिनीस लागतो. मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा धरण व आर्वी तालुक्यांतील धनोडीजवळचें निम्न वर्धा धरण यांनीं शेतीस व शहरांस पाणी दिलें. परंतु धरणाच्या खालील पात्रांत किती पाणी राहावें हें आतां ऋतूबरोबरच दरवाजांवरहि अवलंबून राहूं लागलें. पुलगांव या दोन्ही धरणांच्या खालच्या अंगास आहे. विस्तीर्ण व स्थिर पाणी जर कोठें असेल तर तें धरणाच्या मागें, ऊर्ध्व वर्धेच्या नल-दमयंती सागरासारख्या जलाशयांत. आणि जलाशय हा मुळांत पिण्याच्या व शेताच्या पाण्याचा सांठा असल्यामुळें त्यांत उष्टें-खरकटें अथवा यंत्राचें तेल जाऊं देणें परवडणारें नाहीं.

पाण्यानंतरचा विचार नौकेचा. जमिनीवरील सभागृहांत लोक एका बाजूस गर्दी करून उभे राहिले तर फारतर खुर्च्या मोडतील. नौकेवर तीच गर्दी प्राणघातक ठरते. कोणत्याहि नौकेचा तोल दोन गोष्टींवर अवलंबून असतो : तिच्या भाराचा गुरुत्वमध्य किती खालीं आहे, आणि ती कलली असतां पाणी तिला किती जोरानें पुन्हां सरळ करतें. इंजिन, तेल व पाण्याच्या टांक्या तळाशीं ठेवतात त्या याच कारणासाठीं. उलट, नृत्य पाहण्यासाठीं सर्व उतारू वरच्या मजल्यावर चढले कीं गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यांतच एखादें दृश्य दिसलें म्हणून सारे जण एका कठड्याकडे धांवले, तर नौका त्या बाजूस झुकते. म्हणून किती माणसें घ्यावयाचीं याचा आंकडा ठरलेला असतो, आणि तो आंकडा बसण्याच्या जागेवरून ठरत नसून तोलावरून ठरतो. भारतांत १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. नौकेची नोंदणी, तिची तपासणी, चालकांचीं प्रमाणपत्रें व जीवरक्षक साधनें यांची व्यवस्था त्यांत केलेली आहे.

हे नियम कागदावर राहिले तर काय होतें, हें वर्धा नदीनेंच दाखविलें आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील वरुड तालुक्यांत झुंज येथें नाव उलटून ११ माणसें बुडालीं. तीं माणसें सहलीच्या सजविलेल्या नौकेंत बसलेलीं नव्हतीं. साध्या नावेंत होतीं. परंतु पाणी नावेची प्रतिष्ठा पाहत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईच्या बंदरांत घारापुरीकडे निघालेल्या उतारूंच्या नौकेवर दुसरी वेगवान नौका आदळली, आणि दहाहून अधिक जीव गेले. यास्तव नौकेवर पाऊल ठेवणाऱ्या कुटुंबानें गाण्याची चौकशी करण्यापूर्वीं जीवरक्षक जाकिटांची चौकशी करावी, आणि तीं मुलांच्या मापाचीं आहेत कीं नाहींत हेंहि पाहावें.

आतां त्या नौकेवर जें दाखविलें जातें त्याकडे वळूं या. मांडवीवर पुन्हां पुन्हां दिसणारा प्रकार म्हणजे देखणी. तिची चाल भारतीय वळणाची व ताल पाश्चात्त्य धर्तीचा असतो. तिच्यांतील सर्वांत प्रसिद्ध गीताचा प्रसंग असा कीं, एका कलावंतिणीस नदीपलीकडे लग्नघरीं जावयाचें आहे. वाट ठाऊक नाहीं, म्हणून ती नावाड्याची विनवणी करते व आपले दागिने देऊं करते. नावाडी मात्र कबूल होत नाहीं. १९७३ च्या 'बॉबी' या चित्रपटामुळें ती चाल देशभर गेली. ज्या गांवाला नदी आहे व पूल नाहीं, त्या गांवाचें हें गीत होय. आज तें मोठमोठ्या पुलांच्या छायेंत गायिलें जातें. पण ५ जुलै १९८६ रोजीं मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हां पणजीकरांना पुन्हां फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला होता.

देखणीची साथ पूर्वींपासून घुमटाची. घुमट म्हणजे दोन तोंडांचें मातीचें भांडें. मोठ्या तोंडावर कातडें ताणलेलें असतें. दुसरें तोंड उघडें असतें, आणि वादक तें हातानें झांकून व उघडून नाद फिरवितो. कातडें पूर्वीं घोरपडीचें असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीस संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याच्या कातड्याचा उपयोग होऊं लागला, आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें घुमटास राज्याच्या वारशाचें वाद्य म्हणून मान दिला. देखणीशिवाय फुगडी व कोरिदिन्यु हेहि प्रकार असतात. फुगडी स्त्रियांची, तिला वाद्य लागत नाहीं, तोंडानें सोडलेल्या श्वासाचाच ताल होतो. कोरिदिन्यु हें पोर्तुगालांतून आलेलें जोडप्यांचें चपळ नृत्य होय.

नाच व नाव यांची ही जोड पर्यटकांसाठींच नव्यानें शोधून काढली, असें मात्र नाहीं. २९ जून रोजीं संत पेद्रूच्या सणास गोमंतकांतील मासेमार दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर मंच उभारतात; याला सांगोड म्हणतात, आणि त्या तरंगत्या मंचावर गाणीं व नाटुकलीं होतात. मांडवीस मिळणाऱ्या वाळवंटी नदीच्या कांठीं, सांखळीच्या विठ्ठलापुरांत, त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं दिव्यांनीं उजळलेल्या लहान लहान नौका पाण्यांत सोडतात. दोन्ही उत्सवांत नदी ही केवळ पार्श्वभूमि नसते. तिच्यावर ज्यांचें पोट आहे वा जिच्यावर ज्यांची श्रद्धा आहे, तेच लोक नाचतात व तेच पाहतात.

खरा फरक पडतो तो येथेंच. सांगोडास तिथि आहे, भोजननौकेस वेळापत्रक आहे. रोज रात्रीं तींच तीन-चार नृत्यें, तितक्याच मिनिटांत, ताटांच्या आवाजांत करावयाचीं म्हटल्यावर कलेचा संकोच होणें अटळ आहे. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूहि न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. नाचणाऱ्या तरुण-तरुणींना त्यामुळें नियमित मेहनताना मिळतो, घुमट वाजविणारा हात शिकत राहतो, आणि दूरच्या प्रांतांतील मुलास देखणी हा शब्द प्रथमच कळतो. म्हणून सरसकट निषेध करण्यापेक्षां कोणती कला नौकेवर न्यावी व कोणती नेऊं नये, याचा विवेक करणें बरें.

हा विवेक गोमंतकाच्या परंपरेनेंच करून ठेवला आहे. देखणी ही प्रेक्षकांसमोर सादर करण्याचीच कला. तिला मंच बदलला तरी चालतो. कोरिदिन्यु हें करमणुकीचें नृत्य. तेंहि प्रवास करूं शकतें. परंतु धालो हा स्त्रियांचा खेळ पौषांतील चांदण्या रात्रीं गांवच्या मांडावर होतो, आणि मांड म्हणजे नुसतें अंगण नव्हे. ती पवित्र मानलेली जागा आहे. तेथें समोरासमोर दोन रांगा धरून गाणाऱ्या स्त्रिया कोणास दाखविण्यासाठीं गात नाहींत. अशा खेळाचीं पावलें नौकेवर नेतां येतील, पण मांड नेतां येणार नाहीं.

हीच कसोटी पुलगांवच्या बाजूसहि लागू पडते. विदर्भाची खडी गंमत व दंडार हे प्रेक्षकांसाठींच असलेले प्रकार आहेत. मंच मिळेल तेथें ते रंगतात, आणि कलावंतांना योग्य मोबदला मिळाला तर ते टिकतात. भुलाबाईचें तसें नाहीं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत मुली घरोघर जाऊन तीं गाणीं म्हणतात, आणि शेवटीं झांकलेल्या डब्यांत कोणती खिरापत आहे हें ओळखतात. तिकीट लावून तें ओळखणें घडत नाहीं. महिन्याची सांगता कोजागरीस होते, आणि त्या रात्रीं चांदण्यांत बसून दूध आटविणें, खाणें व गाणें हें वऱ्हाड-नागपुराकडील घरांत ठाऊकच आहे. नदीकांठीं रात्रीचें भोजन व गायन यांची हौस पुलगांवच्या कुटुंबांस असेल, तर त्यासाठीं मांडवीवरील नौकेची नक्कल करण्याचें कारण नाहीं. आश्विनांत पूर ओसरलेला असतो, पाणी निवळूं लागलेलें असतें, हवा सुखद असते. कांठावर, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, बैठक घालावी. दंडारीच्या एखाद्या मंडळीस मानधन देऊन बोलवावें, आणि भुलाबाईचीं गाणीं घरच्या मुलींनींच म्हणावीं.

वर्धेच्या कांठास अशा मेळ्यांची संवयहि जुनी आहे. पुलगांवच्या वरच्या अंगास, अमरावती जिल्ह्याच्या कांठावर कौंडण्यपूर आहे. तें रुक्मिणीचें माहेर मानलें जातें व कार्तिकांत तेथें यात्रा भरते. तेथें लोक नदी पाहण्यास जात नाहींत, नदीकडे जातात. पात्रांत पुरेसें पाणी राहील व तें स्वच्छ राहील, एवढी काळजी मात्र दोन्ही नद्यांच्या कांठीं सारखीच घ्यावी लागेल. मांडवीवर ती धक्क्यावरच्या नौकावाल्यांनीं घ्यावयाची आहे. वर्धेवर धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्यांनीं, कांठच्या नगरपालिकांनीं आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीं पत्रावळी उचलणाऱ्या गांवकऱ्यांनीं.